तुमीरमट्ट्याचा बुधवार

बुधवार, ८ जानेवारी १९५८

आज माळावर दवंडी पिटली. भर बाजारात, डोक्यावर ऊन असताना. पाडव्यापासून तुमीरमट्ट्याचा बाजार बंद, यापुढे शनिवारी बोरगुड्याला नव्या सडकेवर भरेल! कोतवालानं दोनदा ओरडून सांगितलं, डफडं खाली ठेवलं आणि माझ्याकडूनच झिंगे घेतले. वर म्हणतो, "बाई, तुमी बी तिकडंच येजा. मले जवळ पडते."

मी म्हटलं, तुला जवळ पडावं म्हणून बाजार भरत नाही.

नाही जाणार मी. लिहूनच ठेवते.

म्हणे माळावर काही नाही. खरं आहे, घर एकही नाही. झाड म्हणजे तो एक मोह. पाणी ज्याचं त्यानं भोपळ्याच्या तुंब्यात भरून आणायचं. बुधवार सोडला तर माकडंसुद्धा तिथे थांबत नाहीत. पण पहाडातल्या कुठल्याही टोल्यातून, चार झोपड्यांच्या वस्तीतून, सकाळी निघालेला माणूस तिथे येतो, मीठ घेतो, चार जणांशी बोलतो आणि उजेडात घरी परततो. माणसं तिकडे इतकी विखुरलेली आहेत की एका चुलीचा धूर दुसऱ्या चुलीला दिसत नाही. सोयरीक, भांडण, कोण मेलं, कोणाला पोर झालं – सगळं बुधवारी कळतं. सडकेवर बसून हे कसं कळणार?

आणि माझी जागा! मोहाखालची. आधी सासू बसायची, आता मी. आम्ही ढिवर, तळ्याकाठचे. बैलावर मीठ आणि सुकी मासोळी घालून मंगळवारी निघायचं, पायथ्याशी माझ्या गोंड मैत्रिणीच्या, मंगलीच्या टोल्यात मुक्काम करायचा, सकाळी चढायचं. मिठाच्या बदल्यात चारोळी, लाख, मध, हिरडा. मापाला माप. गोंडी मला सासूपेक्षा चांगली येते. तिथे मी बोलते, मी मोजते, मी भांडते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण कागदाला काय कळतं – शालिकराम तळ्यावर जाळं टाकतात, पहाड माझा. लग्न झाल्यापासून असंच चाललं आहे आणि बरं चाललं आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

बातमी माझ्याआधी घरी पोचलेली. शालिकराम खुशीत.

"बोरगुड्याले ओटा भेटते म्हणते, सडकेच्या अंगाले. बाबुलालनं सांगतलं."

बाबुलाल म्हणजे अहेरीचा किराणावाला. त्याच्याकडूनच आम्ही मीठ उचलतो. त्याची मोटार आता बोरगुड्यापर्यंत जाणार, म्हणून तो खूश आणि तो खूश म्हणून आमचे हे खूश.

मी विचारलं, ओट्यावर बसणार कोण?

"मी बसन ना. तिथी हिंदी बोला लागते, तराजू धरा लागते. तू मांगं बसून मासोळ्या साफ करजो. तुह्या पायाले आराम भेटन."

पायाला आराम! माझ्या पायांनी यांच्याकडे कधी तक्रार केली होती?

सासू खाटेवर बसून सगळं ऐकत होती. तिचे गुडघे गेले, कान शाबूत आहेत. म्हणाली, "मोहाखालचा दगड हलवला का त्याईनं?"

नाही हलवला, मी म्हटलं.

"मंग बाजार कुठी जाते," म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली.

शुक्रवार, १० जानेवारी

दिवसभर बोलले नाही. मासोळी वाळत घातली. कावळे हाकलले. कावळ्यांशी बोलले.

बुधवार, १५ जानेवारी

बाजार हलवणारा साहेब स्वतः माळावर आला. तालुक्याहून. तरणा आहे, बूट लाल मातीनं माखलेले. चढताना दमला होता पण दम लपवत नव्हता, एवढं मला आवडलं. बाकी काही आवडलं नाही.

माळाच्या मधोमध उभा राहून चहूकडे बघितलं आणि म्हणाला, "इथे काय आहे?"

माणसं आहेत, मी म्हटलं.

"आज आहेत. उद्या? बाई, या पहाडात मैलामैलाला किती माणसं राहतात, आमच्या खानेसुमारीत आहे. हाताच्या बोटांवर. इथे ना पाणी, ना सावली, ना रस्ता. बोरगुड्याला मोटार येईल. मीठ स्वस्त होईल. शनिवारी डॉक्टर बसेल. पोरांना देवी टोचता येईल. सांगा, यात वाईट काय?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी पोचल्यावर मात्र दहा सुचली. नेहमीचंच आहे माझं.

मग त्यानं एकेकाला बोलावून विचारलं, बाजार बोरगुड्याला हवा का? मंगलीला विचारलं. मंगली म्हणाली, हो. तिच्या नवऱ्यानं हो म्हटलं. जंगूला विचारलं – जंगू आमचा गायता, पहाडाच्या देवाचा पुजारी, बाजार त्याच्या शब्दानं सुरू होतो – तोही म्हणाला, हो हो. साहेब समाधानानं खाली उतरला.

माझं डोकं सणकलं. मी तशीच उठले आणि त्याच क्रमानं सगळ्यांना विचारलं, बाजार इथेच हवा का? मंगली – हो. नवरा – हो. जंगू – हो हो.

अरे मग त्याला काय सांगितलं?

जंगू गोंडीत म्हणाला, मी इथे आमच्या बोलीत उतरवते – "थो एवढा पहाड चढून आला. त्याले तोंडावर नाई कसं म्हनाचं? पाव्हना हाये."

आणि मी?

"तू बी एवढा पहाड चढून येतेस."

हसावं की डोकं फोडून घ्यावं कळेना. सगळ्यांना हो म्हणणारी माणसं! यांच्यासाठी भांडायचं तरी कसं?

शुक्रवार, १७ जानेवारी

तरी भांडणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज पोट धरून हसले. खूप दिवसांनी.

बोरगुड्याच्या लोकांना कोणीतरी सांगितलं की तुमीरमट्ट्याचा दगड हलल्याशिवाय पहाडातली माणसं खाली यायची नाहीत. दगड म्हणजे बाजाराचा पेन, गोंडांचा देव. मोहाच्या मुळाशी आहे, टोपलीत मावेल एवढा. जंगू सकाळी त्याच्यावर पाणी घालतो, मग मी मिठाची पहिली ओंजळ पानावर काढून त्याच्यापुढे ठेवते. ती विकायची नाही. त्या दिवशी सर्वांत लांबून जो येईल त्याची ती. सासूच्या आधीपासूनची रीत आहे.

तर बाबुलालनं बोकड पाठवला. काळा, चांगला भरलेला. पेनाला मान द्या, दगड उचला आणि बोरगुड्याला नेऊन बसवा. जंगूनं बोकड ठेवून घेतला. पूजा केली. बोकड कापला. पहाडभर निरोप गेला, सगळ्यांनी पोटभर खाल्लं, बाबुलालच्या माणसालाही पानावर वाढलं. मग जंगू दगडापाशी डोळे मिटून बराच वेळ बसला. उठला आणि म्हणाला, "उठत नाई म्हनते."

बाबुलालचा माणूस हात धुऊन खाली गेला. बिचारा करणार काय, जेवला होता.

पोचू नेहमीसारखा उशिरा आला, बोकड संपल्यावर. पोचू पलीकडचा – डोंगराच्या रांगेच्या पलीकडे, अबूझमाडाच्या बाजूला कुठेतरी राहतो. लोक उठायला लागले की हा कावड घेऊन उगवतो. महिन्यातून एखाद-दोन वेळा. तो आला की पहिली ओंजळ त्याचीच होते, म्हणून मी संध्याकाळपर्यंत पान झाकून ठेवते आणि त्याला शिव्या घालते. आजही घातल्या. त्याच्या चारोळीसारखी चारोळी मात्र पहाडात दुसऱ्या कोणाची नाही.

गुरुवार, ६ मार्च

होळी झाली. चढावरच्या झऱ्याचं पाणी गेलं. कपारीत नुसता ओला चिखल, त्यात फुलपाखरं बसलेली. आता पावसापर्यंत तुंबे पायथ्यापासूनच भरून न्यायचे. शालिकराम म्हणाले, "पाह्य, साहेब बरोबर बोलून राह्यला होता." मी म्हटलं, साहेब यायच्या आधीही झरा होळीलाच आटत होता.

शुक्रवार, २१ मार्च

पाडवा. उद्या बोरगुड्याचा पहिला बाजार. हे ओट्याला शेणसडा घालून आले, कडुलिंबाचे डहाळे बांधून आले. मला चला म्हणाले. गेले नाही. पुरणपोळी केली, आग्रह करून वाढली. भांडण वेगळं, सण वेगळा.

बुधवार, २६ मार्च

काय भीत होते मी!  कोणी आलं नसेल, मोहाखाली मी एकटी, समोर गोण्या – हेच डोळ्यांपुढे.

माळ भरलेला! बांगडीवाला नव्हता, मडकीवाला नव्हता, बाबुलालचा माणूस अर्थातच नव्हता. पण पहाडातली माणसं सगळी. मंगली, तिच्या जावा, वरच्या टोल्यातल्या म्हाताऱ्या. मोहफुलं, चिंच, लाख घेऊन आलेल्या. मीठ संपलं. दुपार कलायच्या आत दोन्ही गोण्या रिकाम्या!

उतरताना साहेब भेटला, सायकल ढकलत होता. मी थांबून सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "बसायचं तर बसा बाई, कोणी अडवणार नाही. पण तो आता बाजार नाही. आमच्या लेखी नाही."

तुमच्या लेखी तो आधी तरी कुठे होता?

हे उत्तर मात्र जागेवर सुचलं आणि तोंडावर दिलं. घरापर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

बुधवार, २ एप्रिल

पुन्हा सगळं मीठ गेलं. मासोळीपण. शालिकरामांचं शनिवारी निम्मं परत आलं होतं.  त्यांच्या निम्म्या गोणीशेजारी माझ्या रिकाम्या गोण्या झटकल्या, एवढंच.

बुधवार, ९ एप्रिल

आज विकणारी मी एकटीच. ज्या दोघी ज्वारी आणि मिरची घेऊन यायच्या, त्याही शनिवारला गेल्या. जाऊ देत. घ्यायला माणसं आली ना?

तरी एक खटकलं. मंगलीनं मीठ घेतलं, गेल्या आठवड्याइतकंच. मी म्हटलं, एवढं मीठ खातेस की बैलांना चारतेस? हसली. तिची जाऊ पण हसली. जंगूनं घेतलं. त्याच्या घरात तो आणि म्हातारी, दोन पोटं.

ऊन असं की मोहाची सावली मुळाशी गोळा झालेली. माझं पाणी संपलं. एका म्हातारीनं आपल्या तुंब्यातलं दिलं, स्वतः तहानेली राहिली असणार.

पोचू आला. अर्थात उशिरा. मी झापलं – सगळं जग वेळेवर येतं, तुलाच काय होतं? "उशीर होते," म्हणाला, दुसरं काही नाही. ओंजळभर मीठ धोतराच्या सोग्यात बांधलं आणि कावडीतली सगळी चारोळी माझ्यापुढे ओतली. त्याला अजून मीठ हवं होतं. माझ्याकडे नव्हतं. संपलं होतं. तो रिकामी कावड घेऊन गेला.

बुधवार, १६ एप्रिल



उतरताना पाय मुरगळला. मंगलीच्या टोल्यापर्यंत लंगडत आले. मंगली हळद गरम करायला गेली आणि मी भिंतीला टेकून बसले. भिंत ओली. उन्हाळ्यात, जिथे झरे आटले तिथे भिंत ओली कशी? वळून बघितलं तर कोपऱ्यात मडकी. एकावर एक. तुंबे आढ्याला टांगलेले. झाकण काढलं. मीठ. दुसऱ्यात मीठ. पाझरून पाझरून भिंतीला खार फुटलेला.

माझं मीठ. मागच्या बुधवारचं, त्याच्या मागच्या बुधवारचं.

मंगली वाटी घेऊन दारात उभी राहिली. मी विचारलं, हे काय?

आधी हसली. मग मान खाली घातली. म्हणाली, "शनिवारी आमी बोरगुड्याले जातो बाई. समदेच जातो. तिथी सस्तं भेटते. पोराले सुई बी दिली डाक्टरनं."

मग माझं का घेता?

"तू येतेस ना. उन्हात, बैल घेऊन, एवढ्या लांबून. तुले भरल्या गोणीनं कसं वापस धाडाचं? जंगूदादानं सांगतलं, बुधवारी समद्याईनं जाचं. बाई बसली हाये तवरक बाजार हाये."

मी त्यांच्यासाठी बसत होते. आणि ते माझ्यासाठी येत होते.

हळद लावून घेतली. आभार मानले. रडले नाही. बैलावर बसून घरी आले आणि अंगणात मात्र रडले, बैलाच्या मानेत तोंड घालून.

गुरुवार, १७ एप्रिल

शालिकरामांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील, माझ्या रिकाम्या गोण्यांचा सूड घेतील. हसले नाहीत. पाय शेकून दिला. म्हणाले, "चाल ना वो. ओटा मोठा हाये. समोर बस, मांगं नको बसू. तराजू मी शिकवतो."

हे भांडले असते तर बरं झालं असतं. प्रेमानं बोलले, त्यामुळे फारच हरल्यासारखं वाटलं.

ठीक आहे. जाते. संपलं.

शनिवार, १९ एप्रिल

बोरगुडा. समोर बसले. सकाळभर.

खोटं कशाला लिहू – वाईट नाही. हँडपंपाला पाणी आहे. डॉक्टरापुढे रांग होती. मंगली भेटली, नवं लुगडं घेत होती, मला बघून आधी दचकली आणि मग आनंदली. पहाडाच्या अलीकडचे सगळे दिसले. बाबुलालनं चहा पाजला. जिंकलेला माणूस चहा पाजतो.

गिऱ्हाईक आलं की मी गोंडीत बोलायचे आणि हे तराजू धरायचे. दुपारपर्यंत हेच बोलायला लागले. मी मासोळ्या साफ करायला मागे सरकले. कोणी सरक म्हणालं नाही. जागाच तशी आहे.

उठताना सवयीनं ओंजळ शोधली. काढलीच नव्हती. आणि आजचा सर्वांत लांबचा कोण, हे मला माहीत नव्हतं.

रविवार, २० एप्रिल

सासू आज विचारते, "पोचू दिसला का तुले बोरगुड्यात?"

नाही.

"पलीकडचं कोनी?"

आठवून बघितलं. कोणीही नाही.

"पोचूच्या घरी बी मिठाची मडकी भरून हायेत का?"

मी म्हटलं, मला काय माहीत. रांगेच्या पलीकडे मी कधी गेले नाही. तिकडे आहे काय?

बोलले आणि जीभ चावली. हे माझं वाक्य नाही. हे त्या लाल मातीच्या बुटांचं वाक्य आहे!

सासूनं कमरेची गाठ सोडली. तंबाखूची चंची पुढे केली. मी खात नाही, आज घेतली.

बुधवार, २३ एप्रिल

गेले. लंगडत. एकच गोणी नेली.

सगळे आलेले. मी गोणी सोडलीच नाही. मोहाखाली उभी राहून सांगून टाकलं – मला कळलं आहे. तुमच्या घरी मीठ पाझरतं आहे. मी ढिवराची सून आहे, मला कोणाची मेहेरबानी नको. ज्याच्या घरी मीठ आहे त्याला आज मीठ मिळणार नाही. जा घरी!

 मग एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळे हसले. मंगली तोंडाला पदर लावून. मीपण हसले शेवटी, राग तसाच ठेवून. कोणीही घरी गेलं नाही. बसून राहिले, गप्पा मारत, काही न घेता, काही न विकता. ओंजळ मी दगडापुढे काढून ठेवली होती.

जंगू पोचूची वाट बघत माझ्याशेजारी बसला. पोचू आला, उन्हं उतरल्यावर. पहिल्यांदाच मी त्याला झापलं नाही. पाणी दिलं आणि विचारलं, निघतोस कधी?

"काल. कोंबडा आरवला तवा."

रात्री कुठे असतोस?

"झाडावर. वाटेत वाघ हाये."

आणि घरी पोचतोस कधी?

"उद्या."

तुमच्याकडून बाकी कोणी का येत नाही?

"कसे येतीन? म्हातारे हायेत, पोरं हायेत. मी नेतो थे वाटतो. सरलं की मिठाच्या जागी राखेचं पानी टाकतो आंबिलात. चालते."

चालते म्हणाला. राखेचं पाणी, आणि चालते! त्या दिवशी माझं मीठ मंगलीच्या मडक्यात गेलं आणि हा रिकामी कावड घेऊन गेला. आज गोणी त्याच्या कावडीत ओतली. जेवढी मावली तेवढी.

मी जंगूला सांगितलं, मी यापुढे येणार नाही. माझ्यासाठी कोणी येऊ नका.

जंगू दगडाकडे बघत होता. म्हणाला, "पुढल्या बुधवारी एक डाव ये. दोनी गोन्या आन. पेनाशी बोलून पाह्यतो."

सोमवार, २८ एप्रिल

कोतवाल खास सांगायला आला – जंगू दगड उचलायला तयार झाला! पेन उठतो म्हणे बुधवारी. बोरगुड्यात ओट्यांच्या मधोमध चौथरा लिंपला आहे. बाबुलालनं दुसरा बोकड आणून बांधला. साहेबही येणार आहे.

म्हणजे शेवटचा आधारही गेला. सासूला सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवार, २९ एप्रिल

शालिकरामांनी आपणहून बैल लादला. "दोन गोन्या कायले? दगडच तं आनाचा हाये खाली," म्हणाले. मी म्हटलं, जंगूनं आण म्हटलं आहे, त्याला मी तोंडावर नाही कसं म्हणू.

दगड निघताना त्याला खांदा द्यायला मी असणार. रडत नाही जाणार. नवं लुगडं नेसून जाणार.

बुधवार, ३० एप्रिल

जंगूनं दगड टोपलीत घेतला, वर मोहाची पानं झाकली. त्यानं ज्यांना ज्यांना हो म्हटलं होतं ते सगळे खाली बोरगुड्यात वाट बघत होते. माळाच्या टोकाला वाट फुटते तिथे मी बैल खालच्या, बोरगुड्याच्या अंगाला वळवला. जंगू म्हणाला, "तिकडं कुठी? पयली ओंजळ लांबच्याची, मंग बाजार बी लांबच्याचाच," आणि रांगेकडे चढायला लागला. पुढे पोचू उभा होता – आज पहिल्यांदा वेळेवर.

मी बैल वळवला.